कात्रीनं कापलेलं पाकीट

मिरजेतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी अर्धा तास उभे राहा, कात्रीचा आवाज सारखा येत राहतो. पाकीट दहा गोळ्यांचं असतं आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला पाचच हव्या असतात. दुकानदार काही विचारत नाही. पाकीट आडवं धरतो, मधोमध कापतो, अर्धं कागदी पुडीत टाकतो. मागच्या महिन्यात माझ्या पुढं एक आजोबा होते. डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी, चिठ्ठीवर पाच औषधं. "समद्याचं किती हुतंय?" असं त्यांनी आधी विचारून घेतलं. आकडा ऐकून बंडीच्या खिशातल्या नोटा मोजल्या, आणि चिठ्ठी परत काउंटरवर ठेवून म्हणाले, "ह्यातली म्हत्त्वाची कुठली, त्येवढी सांग."

दुकानदार काय सांगणार? सगळीच महत्त्वाची, म्हणाला. आजोबांनी मग स्वतःच ठरवलं. साखरेची आणि रक्त पातळ करायची, आठ दिवसांची. बाकीचं पुढच्या बाजारादिवशी बघू.

दवाखान्याचा खर्च म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ऑपरेशन येतं. दोन लाखांचं बिल, गहाण टाकलेलं सोनं, सोसायटीचं कर्ज, पाहुण्यांकडची उसनवारी. बातम्या त्याच्या होतात, योजनाही त्याच्यासाठीच निघतात. मी गेली सहा-सात वर्षं आई-अण्णांना घेऊन मिरजेच्या वाऱ्या करतोय, आणि माझं मत असं झालंय की म्हाताऱ्या माणसाला आतून पोखरतं ते ऑपरेशन नव्हे, हे कापलेलं पाकीट. ऑपरेशन आयुष्यात एकदा-दोनदा. गोळी रोज, तीही मरेपर्यंत. आणि आपल्या मोठ्या सरकारी योजना दवाखान्याच्या खाटेपाशी सुरू होऊन खाटेपाशीच संपतात.

योजनांना नावं ठेवायची नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका काकांची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेतून झाली, दवाखान्यात एक पैसा द्यावा लागला नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली ही योजना पुढं राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं, २०२३ मध्ये दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेऊन पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आत घेतलं. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कार्ड मिळतं. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या सांध्यांवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं कमाल मर्यादा घातली. ह्या सगळ्यामुळं माणसं वाचली आहेत, घरं वाचली आहेत. हे मान्य न करता पुढं बोलणं हा कृतघ्नपणा ठरेल.

पण त्या काकांना घरी सोडलं त्याच्यापुढचं बघा. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजात धरलेली असतात. महात्मा फुले योजनेत काही ठराविक उपचारांसाठी फॉलोअपची पॅकेजं आहेत, पण ती मिळवायला पुन्हा त्याच दवाखान्यात, त्याच खिडकीपाशी जावं लागतं. स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची गोळी मात्र वर्षानुवर्षं घ्यायची असते. ती चुकली तर लाखभर खर्चून बसवलेली स्टेंट पुन्हा बंद पडायची भीती. म्हणजे सरकारनं लाखाचं काम फुकट करून दिलं आणि ते टिकवायला लागणारा महिन्याचा हजार-दीड हजार मात्र म्हाताऱ्याच्या बंडीच्या खिशावर सोडला. विहीर खणून दिली आणि दोर विकत घ्यायला सांगितला, तसंच हे.

आता आमच्या घरचा हिशोब सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरचा सांगण्यापेक्षा तो मला पक्का ठाऊक आहे. अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. २००७ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाकडून मिळणारी पेन्शन मिळते, महिन्याला १,६५० रुपयांच्या आसपास. दोघांच्या औषधांचं बिल महिन्याला ३,२०० च्या घरात जातं. दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी तपासायची, ते वेगळं. दीड एकर ऊस आहे, मी नोकरीला आहे, म्हणून भागतं. अण्णांच्याच बरोबर रिटायर झालेल्या ज्यांना ना ऊस आहे ना मुलाची नोकरी, त्यांचं कसं भागतं हे मी एक-दोनदा विचारून बघितलं. लोक विषय बदलतात.

ह्या १,६५० रुपयांची गंमत अशी की ते २००७ मध्ये जेवढे होते तेवढेच आज आहेत. ईपीएस पेन्शनला महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली सप्टेंबर २०१४ मध्ये, ती अजून १,०००च आहे. कारखान्यांचे, सूतगिरण्यांचे, एसटीचे, सहकारी संस्थांचे निवृत्त कामगार गेली कित्येक वर्षं ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत मोर्चे काढतायत. सांगली-साताऱ्याकडं सहकारानं जे उभं केलं त्याचं कौतुक आपण भाषणांत करतो, पण ज्यांनी त्या कारखान्यांत हंगाम-हंगाम पाळ्या केल्या त्यांच्या म्हातारपणाची किंमत ही अशी ठरली.

आता दुसरी बाजू बघा. अत्यावश्यक औषधांच्या किमतींवर सरकारचं नियंत्रण आहे, ते २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणं चालतं. त्या आदेशात दरवर्षी १ एप्रिलला घाऊक महागाईच्या निर्देशांकाइतकी किंमत वाढवायची मुभा कंपन्यांना आहे. काही वर्षी ही वाढ नावापुरती असते, २०२४ मध्ये ती जवळजवळ शून्य होती. पण २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढवायची परवानगी मिळाली. दोन वर्षं मिळून जवळपास चोवीस टक्के. जी औषधं ह्या अत्यावश्यक यादीबाहेर आहेत त्यांची किंमत कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत कुणाला न विचारता वाढवू शकते.

म्हणजे महागाई होते हे सरकारला मान्य आहे. गोळी बनवणाऱ्याला ती सोसावी लागू नये म्हणून दरवर्षी तारीख ठरवून भरपाई दिली जाते. गोळी गिळणाऱ्याच्या पेन्शनला मात्र अशी तारीखच नाही. हे मला कुणी नीट समजावून सांगितलं तर मी हा सगळा लेख मागं घ्यायला तयार आहे.

यादीबाहेरच्या औषधांत आणखी एक खोच आहे. बीपीच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या सुट्या घेतल्या तर त्या बहुतेक वेळा नियंत्रित यादीत असतात. त्याच दोन्ही एकत्र करून बनवलेली जोडगोळी बहुधा यादीत नसते. डॉक्टर जोडगोळी लिहितात ते लबाडीनंच असं नाही. म्हाताऱ्या माणसाला चारऐवजी दोन गोळ्या घ्यायला सोप्या पडतात हे खरंच आहे. पण सोयीची किंमत कोण मोजतं ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

ह्यावर, ब्रँडशिवायची स्वस्त औषधं विकणाऱ्या सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रांचं उत्तर दिलं जातं. ते उत्तर चांगलं आहे, मी स्वतः तिथून घेतो, पैशात मोठा फरक पडतो. पण चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं आणि केंद्रात गोळी वेगळ्या नावाची असते. "डॉक्टरांनी लिहिल्याली ही न्हवं," असं म्हणून आमच्याकडची माणसं परत फिरतात. चारातली एक तिथं नसते, तिच्यासाठी दुसऱ्या दुकानात जावंच लागतं.

शिवाय रंगाचा प्रश्न. तो शहरात बसून धोरण लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि चाळिशीचा नंबर बदलल्यापासून मराठीही नीट दिसत नाही. ते गोळ्या रंगावर ओळखतात. सकाळची पांढरी लांबट, रात्रीची गुलाबी, जेवणाआधीची पिवळी. कापलेल्या पाकिटावर अर्धंच नाव असतं, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्याबरोबर दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी गेलेली असते. तीन वर्षांपूर्वी एकदा स्वस्त पडते म्हणून मी त्यांची बीपीची गोळी दुसऱ्या कंपनीची आणली. ती निघाली फिकट निळी. अण्णांना वाटलं नवीन औषध वाढवलंय. त्यांनी जुन्या उरलेल्या पांढऱ्याही घेतल्या आणि नव्या निळ्याही. चौथ्या दिवशी पहाटे गोठ्यात चक्कर येऊन पडले. रात्रभर दवाखान्यात सलाईन लावून ठेवावं लागलं. डोक्याला टाके पडले नाहीत, एवढंच नशीब. महिन्याला दीडशे रुपये वाचवायला गेलो होतो मी. चूक माझीच, सांगायला हवं होतं. पण घराघरांत अशी चूक करायची वेळ का यावी, हा प्रश्न उरतोच.

आईची गोष्ट वेगळी आहे, आणि मला वाटतं ती जास्त घरांतली आहे. तिला बीपीची आणि थायरॉईडची गोळी आहे. मागच्या वर्षी माझ्या लक्षात आलं की तिचं महिन्याचं पाकीट दोन महिने पुरतंय. विचारलं तर म्हणाली, "एक दिवसाआड घेते की. मला काय हुतंय?" उपास केल्यासारखी ती गोळ्या सोडत होती, आणि तिच्या लेखी हे काटकसरीचं, शहाण्या बाईचं वागणं होतं. अण्णांच्या गोळ्या मात्र तिनं एकदाही चुकू दिल्या नाहीत. घरात पैसा कमी पडला की बाईचं ताट आधी रिकामं होतं हे आपण लहानपणापासून बघतो. गोळ्यांचंही तेच. अर्धवट घेतलेल्या बीपीच्या गोळ्यांचा शेवट अर्धांगवायूत होऊ शकतो. मग ती केस योजनेत बसते, पाच लाखांचं कार्ड चालतं, आणि आपण म्हणतो, बघा, सरकारनं सगळं केलं.

विमा का नाही काढला, असं विचारणारे लोक असतात. साधारण पुण्यात राहणारे. २०२४ मध्ये पासष्टीपुढं पॉलिसी न देण्याची अट गेली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोला असं कंपन्यांना बजावण्यात आलं, सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. सगळं बरोबर. पण शहात्तराव्या वर्षी शुगर-बीपी असलेल्या माणसानं भरायचा हप्ता त्याच्या वर्षाच्या पेन्शनहून मोठा असतो, आणि तो भरूनही महिन्याच्या गोळ्या बहुतेक पॉलिसीत बसत नाहीत. विमासुद्धा खाटेचाच.

मुलांनी बघावं, हा दुसरा सल्ला. बघतातच की. आमच्या गावात संध्याकाळी मेडिकलवाल्याच्या फोनवर पुणे, हिंजवडी, पिंपरीहून पैसे आल्याचे टुणटुण आवाज येत असतात. २००७ च्या आई-वडील निर्वाह कायद्याप्रमाणं पोरांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत मिळवताही येतात. पण ज्याची पोरं स्वतः कंत्राटावर आहेत, त्यानं कुणावर दावा लावायचा? आणि दावा नको, साधं मागणंसुद्धा म्हाताऱ्या माणसाला किती जड जातं! अण्णा मला कधीच "पैसे दे" म्हणत नाहीत. "पाकीट सपत आलंय," असं म्हणतात आणि दुसरीकडं बघतात. ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, महिन्याला १,५०० रुपये. तिची अट वर्षाला २१,००० रुपये उत्पन्नाची. म्हणजे ज्याच्या घरात महिन्याला १,७५० रुपयांपेक्षा एक रुपया जास्त येतो तो सरकारच्या लेखी निराधार नाही. ह्या १,५०० मध्ये केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत २०० रुपये. दोनशे रुपयांत मिरजेच्या स्टँडवरून डॉक्टरांपर्यंत जाऊन-येऊन रिक्षा होते, फारतर वरती चहा.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णांना पंचाहत्तर पुरी झाली म्हणून एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. तासगावहून सांगली, सांगलीहून मिरज, सगळं फुकट. त्याचा त्यांना इतका आनंद आहे की कंडक्टरला कार्ड दाखवताना ते ताठ बसतात. सरकारनं मनात आणलं तर वयावर, काही न विचारता, दारात आलेल्या माणसाला सेवा देता येते हे त्या एसटीनं दाखवून दिलंय. मग जी गोष्ट बसच्या सीटला लागू होते ती गोळीला का नाही?

मिरजेचं नाव घेतलं म्हणून सांगतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं गाव झालं. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. अथणी, चिकोडी, बेळगावपासून पेशंट इथं उतरतात. कुणी जास्तच आजारी असला की आमच्याकडं पहिला प्रश्न "मिरजेला दाखवलं का?" हाच. एवढं सगळं असून जतच्या पूर्व भागातल्या म्हातारीला बीपीच्या गोळीसाठी दिवस मोडून, सोबत एक माणूस घेऊन, शंभर किलोमीटर यावं लागत असेल तर त्या दवाखान्यांच्या गर्दीचा तिला उपयोग किती? सोबत आलेल्या सुनेची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कुठल्याच बिलात दिसत नाही.

त्यामुळं माझी मागणी साधी आहे. बीपी, शुगर, हृदय, थायरॉईड ह्यांच्या गोळ्या साठीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्नाचा दाखला न मागता, गावाच्या उपकेंद्रात एका वेळी तीस दिवसांच्या मिळाव्यात. कागदावर ह्यातलं बरंच आधीच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, केसपेपरचे पैसेही बंद झाले. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. अडतं ते साठ्यापाशी. राज्यानं औषधखरेदी आधी हाफकिन महामंडळाकडं दिली, मग २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. खरेदीची कचेरी बदलते, आमच्या केंद्रातलं कपाट तसंच राहतं.

हे होण्यासारखं नाही असं म्हणणाऱ्यांनी तमिळनाडूकडं बघावं. १९९४ साली त्यांनी औषधखरेदीसाठी महामंडळ काढलं, राज्यभराची गरज एकत्र करून एकदम खरेदी करायची आणि जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं ठेवायची. २०२१ पासून तिथं बीपी-शुगरच्या गोळ्या घरी नेऊन देतात. राजस्थान काही श्रीमंत राज्य नव्हे, त्यानंही २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू केली. पैसा कुठून आणायचा? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं लिहिलं होतं. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या धामधुमीतसुद्धा, तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा ६४ वरून ३९ टक्क्यांवर आला असं सरकारी हिशोब सांगतात. आला असेल, चांगलंच आहे. पण उरलेले एकोणचाळीस कुणाच्या खिशातले, हे बघायला मेडिकलच्या काउंटरवर यावं लागेल. आणि बीपीची गोळी घाऊक भावात घेतली तर ती इतकी स्वस्त पडते की एका अर्धांगवायूच्या केसवर योजना जे मोजते त्यात एका माणसाच्या कित्येक वर्षांच्या गोळ्या निघतील.

परवा मी गावच्या आरोग्य केंद्रात गेलो होतो. सिस्टरनं आईचं नाव वहीत बघितलं आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. बाकीच्या वीस दिवसांचं काय, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मागणी केली तेव्हा वहीत जेवढी नावं होती तेवढ्याचा साठा येतो. दर बुधवारी नवीन चार जण निघतात. पहिल्या तिघांना महिन्याच्या दिल्या तर चौथ्याला काय सांगू?" म्हणून सगळ्यांना थोड्या-थोड्या. मला पुढं काही बोलता आलं नाही. एकटी बाई टेबलावर बसून जेवढं न्यायानं वाटता येईल तेवढं वाटत होती.

प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडं असतात, म्हणून मतं मागायला येणाऱ्यांना हे विचारायचं असं आम्ही घरात ठरवलंय. मागच्या खेपेला एक जण आले होते. दारात चप्पल न काढताच म्हणाले, "ज्येष्ठांसाठी महाआरोग्य शिबिर घेतोय, सगळ्या तपासण्या फुकट, अण्णांना घेऊन या." अण्णा खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. "तपासाय नगं," म्हणाले. "आमाला काय झालंय ते म्हाईत हाय. गोळ्या हायती का, त्येवढं सांगा."